ऊलाँगच्या चवी कोणी घडवल्या?

इ. स. १७८६. छिंग साम्राज्यातील नामवंत कवी आणि त्याहून नामवंत खवय्या युआन मेई वयाच्या सत्तरीत फुज्यान प्रांतातील वूई पर्वतावर पोहोचला. वूईचा चहा त्याला पूर्वीपासून नावडता होता. औषधी काढ्यासारखा दाट आणि कडू, असे त्याचे स्पष्ट मत होते. तो मूळचा हांगचौचा, म्हणजे लोंगजिंग या कोवळ्या हिरव्या चहाच्या गावचा. वूईच्या मठांतील भिक्षूंनी आणि ताओपंथी साधूंनी त्याच्यापुढे चहा ठेवला तो अक्रोडाएवढ्या पेल्यांतून, महाळुंगाएवढ्या किटलीतून. आधी वास घ्यायचा, मग घोट जिभेवर घोळवायचा, असा तिथला शिरस्ता. दोन-तीन पेले झाले आणि म्हाताऱ्याचे मत फिरले. पुढे १७९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाकग्रंथात त्याने हा अनुभव नोंदवला आणि या चहापुढे आपल्या गावच्या लोंगजिंगला फिके ठरवले.

हा प्रसंग सहसा एका रसिकाच्या मतपरिवर्तनाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. इतिहासाची आवड असणाऱ्याला त्यात अधिक रोचक प्रश्न दिसावा. हांगचौचा चहा आणि वूईचा चहा एकाच जातीच्या झाडाचा, कमेलिया सायनेन्सिसचा. मग एक हिरवा नि कोवळा, दुसरा तांबूस नि भाजका, हा फरक आला कुठून? युआन मेई ज्याला वूईचा चहा म्हणतो त्याला आज जग ऊलाँग म्हणते. या शब्दाचा अर्थ ‘काळा ड्रॅगन’. त्यावरून रचलेल्या दंतकथांना तोटा नाही. त्या इथे बाजूला ठेवू. या धाग्याचा विषय चवींचा आहे, आणि चवींच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचा.

वांगे चिरून ठेवले की काळवंडते. पेशी फुटतात, आतील रस हवेच्या संपर्कात येतो, विकरे काम करू लागतात. चहाच्या पानाचेही तसेच. पान खुडल्यावर लगेच तापवले तर विकरे मरतात आणि चहा हिरवा राहतो. पान पूर्ण चुरगाळून ठेवले तर ते काळवंडते आणि आपल्या घरातला चहा होतो. ऊलाँग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी थांबवलेला असतो. पाने उन्हात कोमेजवतात, मग सुपासारख्या मोठ्या बांबूच्या परातीत रात्रभर थोड्या थोड्या वेळाने हलवतात. पानांच्या कडा एकमेकींवर घासून तेवढ्याच तांबडावतात, मधला भाग हिरवा राहतो. जणू हिरव्या लुगड्याला तांबडा काठ. योग्य क्षण आला की पाने तापल्या कढईत टाकून ही क्रिया थांबवायची, मग वळायची, मग शेकायची. तो क्षण नाकाने ओळखायचा असतो. उग्र हिरवट वास सरून फुलांचा वास सुरू होतो तिथे, किंवा फुलांचा सरून पिकल्या फळांचा सुरू होतो तिथे. कोण किती उशिरा थांबते आणि किती जोराने शेकते, यावर ऊलाँगच्या बहुतेक चवींचा जन्म अवलंबून आहे. (अशा चहाला ‘अर्धा आंबवलेला’ म्हणण्याची जुनी रीत आहे. त्यात आंबवणारे जंतू मात्र कुठेच नसतात.)

ही युक्ती सुचली कशी, याचे मूळ एका राजाज्ञेपर्यंत जाते. सोंग काळात फुज्यान दरबाराला चहा पुरवी तो वड्यांच्या रूपात : पाने वाफवून, वाटून, साच्यात दाबून केलेल्या नक्षीदार वड्या. त्यात गावेच्या गावे राबत. १३९१ साली मिंग वंशाचा संस्थापक हुंगवू सम्राट, जो स्वतः दरिद्री शेतकऱ्याच्या पोटी जन्मला होता, त्याने हा नजराणा वड्यांच्या रूपात घेणे बंद करून सुटी पाने मागवली. फुज्यानच्या कारागिरांची शतकांची विद्या त्यामुळे निकामी झाली आणि सुट्या पानांवर त्यांना नव्याने हात बसवावा लागला. वूईत चहाची झुडपे कड्याकपारींत विखुरलेली. खुडलेले पान टोपलीत हादरत खाली येईपर्यंत त्याच्या कडा घासल्या जाणारच. अठराव्या शतकाच्या आरंभी वांग छाओथांग याने या चहाचे जे वर्णन केले त्यात उन्हात पसरणे, हलवणे, वास फुटताच कढईत परतणे आणि मग शेकणे या पायऱ्या स्पष्ट आहेत. तयार पान अर्धे हिरवे, अर्धे तांबडे दिसते, हेही आहे. हे वर्णन वूईच्याच भागात न्यायाधिकारी राहिलेल्या लू थिंगछान याने १७३४ च्या आपल्या चहाकोशात उतरवून घेतले, म्हणून टिकले. आज्ञा देणाऱ्या सम्राटाचे नाव सर्वांना माहीत आहे. रात्रभर परात हलवणाऱ्यांपैकी एकाचेही नाही.

वूईच्या चहाला ‘यानछा’, म्हणजे कातळचहा म्हणतात. तांबड्या वालुकाश्माचे कडे, मधल्या अरुंद घळी, झिरपते पाणी, दिवसातून थोडाच वेळ मिळणारे ऊन. या घळींतल्या चहाला तिथले लोक ‘कातळाचा नाद’ असल्याचे सांगतात. जिभेवर तो ओल्या दगडासारखा, किंचित खनिज, आणि गिळल्यावर बराच वेळ घशात राहणारा भासतो. त्यावर निखाऱ्यांची शेक. आग राखेने झाकून, तासन् तास, काही वेळा आठवड्यांच्या अंतराने पुन्हा. श्वेई श्येन हा त्यातला भारदस्त, मऊ. जुन्या झाडांचा असेल तर शेवाळ आणि लाकूड यांची आठवण करून देणारा. रोउग्वी, म्हणजे दालचिनी, हा तिखट वासाचा आणि थेट नाकात जाणारा. न्यूलानखंग या घळीतल्या रोउग्वीला चिनी रसिक दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘न्यूरोउ’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ होतो गोमांस! ‘माथौ’ नावाच्या कड्यावरचा असेल तर ‘मारोउ’, घोड्याचे मांस. विनोद आहे खरा, पण एका घळीचा चहा शेजारच्या घळीहून वेगळ्या भावाने विकला जातो, ही वस्तुस्थितीही त्यात आहे.

आणि दा होंग पाओ, ‘मोठा तांबडा झगा’. आजारी विद्वान हा चहा पिऊन बरा झाला, परीक्षेत पहिला आला आणि त्याने आपला मानाचा झगा झाडांवर पांघरला, अशी कथा. कड्यावरची ती मातृझाडे आज सहा मानली जातात. २००६ पासून त्यांची खुडणी बंद आहे. शेवटच्या खुडणीतला २० ग्रॅम चहा बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवला आहे. बाजारात या नावाने मिळतो तो बहुधा निरनिराळ्या कातळचहांचा मिलाफ. त्यात गैर काही नाही. चांगला मिलाफ करणे हीसुद्धा कला आहे. झग्याची कथा ऐकणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की ज्या चवीला ती जोडली जाते ती आज मिलाफ करणाऱ्याच्या हातची असते.

वूईच्या दक्षिणेला, ग्वांगतुंग प्रांतात छाओचौच्या वर फंगह्वांग, म्हणजे फिनिक्स पर्वत आहे. तिथली रीत निराळी. बीजापासून वाढलेल्या झाडांमध्ये प्रत्येकाचा वास थोडा वेगळा, म्हणून शेतकऱ्यांनी एकेका झाडाची पाने वेगळी खुडून वेगळी राखली. त्यालाच दानचोंग, ‘एकेरी झुडूप’ हे नाव पडले. आज आवडत्या झाडांची कलमे करून मळे लावतात, तरी वर्गवारी वासाचीच : मध-ऑर्किड, गार्डेनिया, बदाम, सोनचाफ्याच्या कुळातले युलान. बाहेरून एकही फूल मिसळलेले नसते. चव सुगंधी आणि मागे कडसर धार असलेली. पाणी जरा जास्त वेळ राहिले तर तोंड वाकडे करायला लावणारी. छाओचौच्या लोकांनी इवल्या किटलीत पाने ठासून भरायची आणि क्षणभरात चहा ओतून घ्यायचा, ही तऱ्हा जपली यात नवल नाही.

यातल्या एका चहाचे नाव आहे ‘या शी श्यांग’ : बदकाच्या विष्ठेचा सुवास. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण इथे उलटी करावी लागेल, कारण चहा अत्यंत मोहक आहे. शेतकरी सांगतात, की चांगले झाड कोणी चोरू नये म्हणून मालकाने पिवळसर मातीवरून हे किळसवाणे नाव पुढे केले. २०१४ मध्ये त्याचे अधिकृत नामांतर ‘रुपेरी फुलाचा सुवास’ असे झाले. गिऱ्हाईक मात्र अजून बदकच मागते. याच डोंगरावरच्या चहाला सोंग वंशाच्या शेवटच्या बालसम्राटाची तहान भागवल्याचे श्रेयही दिले जाते. तो झाओ बिंग १२७९ साली, मंगोलांशी झालेल्या यामेनच्या लढाईत, वयाच्या आठव्या वर्षाच्या आत समुद्रात बुडून मेला. चहाला राजाश्रय जोडण्याची हौस किती दूर जाते, ते यावरून दिसते.

ही झाली डोंगरांची गोष्ट. समुद्राची वेगळी. ‘वूई’चा स्थानिक फुज्यानी उच्चार युरोपियनांच्या तोंडी ‘बोही’ झाला आणि अठराव्या शतकात याच नावाचा गडद चहा लंडनच्या दुकानांत साचला. १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात जो चहा फेकला गेला त्यातल्या २४० पेट्या बोहीच्या होत्या. या चहाची किंमत चीनला चांदीत मोजावी लागे. चांदी वाचवण्यासाठी काय पाठवायचे, या प्रश्नाचे उत्तर हिंदुस्थानात शोधले गेले, आणि त्यातला मोठा वाटा मुंबईचा : आधी कापूस, मग माळव्याची अफू. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती याच चीनच्या व्यापारातली, आणि त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय १८४५ पासून मुंबईची सेवा करत आहे. लंडनच्या पेल्यातील वूईच्या चहाचा जमाखर्च असा भायखळ्यापर्यंत येऊन पोहोचतो. १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून कंपनीच्या सेवेत चिनी वेष करून वूईत शिरला, हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याशी पाठवली गेली आणि हिंदुस्थान स्वतःच चहाचा देश होऊ लागला. ऊलाँगची विद्या मात्र रोपांबरोबर आली नाही. रोपे पेटीत बसतात. पान कधी थांबवायचे हे ओळखणारे नाक बसत नाही.

पहिल्या अफूयुद्धानंतर १८४२ च्या तहाने उघडलेल्या बंदरांत श्यामेन होते. चहाला जगात दोन नावे आहेत. ‘चा’ म्हणणारे एक कुळ, ज्यात मराठीतला चहा येतो. आणि ‘ते’ म्हणणारे दुसरे, ज्यातून इंग्रजांचे ‘टी’ आले. हे ‘ते’ याच श्यामेनच्या परिसरातल्या बोलीचे. बंदराच्या मागच्या डोंगरांत आनशी हा तालुका, आणि तिथला थ्येग्वानयिन, ‘लोखंडी ग्वानयिन’. करुणेच्या देवीने भक्त शेतकरी वेई यिन याला स्वप्नात झाड दाखवले, असे एक घराणे सांगते. वांग शिरांग या विद्वानाला ते सापडले आणि छ्येनलुंग सम्राटाने नाव दिले, असे दुसरे. दोन्ही दावे एकाच शीफिंग गावचे आणि आजही एकमेकांशी भांडणारे. आनशीत पान कापडात बांधून, दाबून, पुन्हा पुन्हा लोळवून गोळीसारखे वळतात. जुना थ्येग्वानयिन मध्यम तांबडावलेला आणि निखाऱ्यावर शेकलेला असे. रंग मधासारखा, ऑर्किडचा वास शेकेच्या खाली दबलेला, कडेला बारीकशी आंबटाई, आणि घशात परतणारा गोडवा.

याच आनशीतून रोपे सामुद्रधुनीपलीकडे तैवानला गेली. १८६० च्या दशकात जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्याने श्यामेनहून आलेल्या ली छुनशेंग याच्या साहाय्याने उत्तर तैवानच्या शेतकऱ्यांना रोपे आणि कर्ज दिले. १८६९ मध्ये त्यांनी २,१३१ पिकुल, म्हणजे सुमारे १२७ टन चहा ‘फॉर्मोसा ऊलाँग’ या नावाने थेट न्यूयॉर्कला रवाना केला. अमेरिकेला तो आवडला. बेटाचा अर्थव्यवहार दक्षिणेकडून उत्तरेला सरकला, तायपेईतले दादाओछंग चहाच्या वखारींनी भरले आणि तिथल्या पडव्यांत पाने निवडायला बायकांच्या रांगा बसू लागल्या. चहाला आणि कापराला डोंगर हवे होते, आणि डोंगर तायाल या आदिवासींचे होते. १८८० च्या दशकात गव्हर्नर ल्यू मिंगछ्वान याने त्यांच्यावर मोहिमा काढल्या. त्या चहाच्या वर्णनांत सुगंध असतो, हे सहसा नसते.

१८७३ साली परदेशी व्यापाऱ्यांनी तैवानचा चहा उचलला नाही. पडून राहिलेला माल फुचौला नेऊन फुलांचा वास देऊन बाओचोंग, ‘कागदात बांधलेला’, म्हणून विकला गेला. पुढे ही तऱ्हा तैवानातच रुजली आणि नंतर फुलेही गळाली. आजचा फिंगलिनचा बाओचोंग जेमतेम १० ते १५ टक्के तांबडावतो. पाने लांब, पिळलेली, गडद हिरवी. पाणी फिकट पिवळे. वास पहाटेच्या फुलांचा. न खपलेल्या मालातून इतका नाजूक चहा निघावा, ही या इतिहासातली सर्वांत लोभस कलाटणी म्हणावी लागेल.

दुसऱ्या टोकाला दोंगफांग मेइरन, ‘पूर्वेची सुंदरी’. इंग्लंडच्या राणीने पेला पाहून हे नाव दिले, असे सांगतात. कोणती राणी, तर सांगणाऱ्यागणिक कधी व्हिक्टोरिया, कधी एलिझाबेथ. जुने नाव अधिक प्रामाणिक आहे : फंगफंग छा, बढाईखोराचा चहा. शिनचूच्या बेइफू-अमेई भागातल्या एका शेतकऱ्याच्या मळ्यावर तुडतुडे पडले. त्याने वाया गेलेलीच पाने चहा करून विकली, भरघोस भाव मिळाला, आणि गावाला ती थाप वाटली. कथा कितीही रंगवलेली असो, तुडतुडा खरा आहे. तो रस शोषतो तेव्हा पान बचावासाठी सुगंधी द्रव्ये सोडते, आणि त्यांनीच या चहाला मधाचा आणि पिकल्या द्राक्षांचा वास येतो. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहरातला द्राक्षांचा वासही अशाच किड्यांचा ऋणी आहे. हा चहा ६० ते ७० टक्के तांबडावतो, लाल चहाच्या उंबरठ्यापर्यंत. त्याच्यासाठी औषध फवारता येत नाही. कीड यावी म्हणून ऐन उन्हाळ्यात वाट पाहायची आणि निम्मे पीक तिच्या तोंडी द्यायचे.

जपानी राजवटीत, १८९५ नंतर, हिंदुस्थान आणि सिलोनच्या चहाने अमेरिकेची बाजारपेठ हिरावली. वसाहती सरकारने आसामचे बी आणून सन मून सरोवराकाठी काळा चहा लावला. ऊलाँगला खरी कलाटणी मिळाली ती १९७० च्या दशकात. मजुरी वाढली, निर्यात परवडेना, आणि तैवानच्या शेतकऱ्यांना गिऱ्हाईक घरातच शोधावे लागले. लूगूच्या दोंगदिंगसारखे मध्यम शेकलेले चहा स्पर्धांमध्ये उतरू लागले. मग मळे चढत गेले : हजार मीटरच्या वर, आलीशान, लीशान. थंडी आणि धुके यांत पान हळू वाढते, कडवटपणा कमी राहतो, पाणी लोण्यासारखे मऊ लागते. १९८१ मध्ये संशोधन केंद्राने १२ क्रमांकाचे वाण दिले, ते जिनश्वान. त्याला जात्याच सायीसारखा वास असतो. परदेशी दुकानांत ‘दुधाचा ऊलाँग’ म्हणून जो गोडमिट्ट प्रकार मिळतो त्यात पुष्कळदा वरून सुगंध मारलेला असतो. पाने दुधात वाफवल्याची गोष्ट सांगितली जात असेल, तर दुकान बदलावे.

१९९० च्या दशकात ही हिरवी, कोवळी, थंड आवड सामुद्रधुनी ओलांडून परत आनशीला गेली. तिच्याबरोबर तैवानी यंत्रे गेली, वातानुकूलित खोल्या गेल्या. थ्येग्वानयिनची शेक निघाली, तांबडा काठ चोळून झाडून टाकला जाऊ लागला, पाणी पाचूसारखे झाले. देशभर तो तडाखेबंद खपला. दहा-पंधरा वर्षांत एक पिढी अशी तयार झाली की तिच्या लेखी थ्येग्वानयिन म्हणजे हाच. मग पोटाला बाधतो अशी तक्रार सुरू झाली, आणि रसिक शेकलेल्या कातळचहाकडे, म्हणजे युआन मेईने ज्याला एकदा काढा म्हटले होते त्याकडे, वळले. २००६ च्या राष्ट्रीय मानकाने दोन्ही तऱ्हांना जागा दिली : छिंगश्यांग, म्हणजे स्वच्छ सुवासाचा, आणि नोंगश्यांग, म्हणजे दाट सुवासाचा. २०२२ मध्ये आनशीची चहाशेती संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या वारसा-यादीत गेली.

आनशीच्या दुकानांत आता दोन्ही डबे शेजारी मांडलेले असतात. हिरवा शीतकपाटात ठेवावा लागतो, वर्षभरात उतरतो. शेकलेला फळीवर नुसता राहतो; दोन-चार वर्षांनी पुन्हा निखाऱ्यावर धरायचा, की पुन्हा पिता येतो. अट एकच, तो निखारा राखेखाली किती झाकायचा हे ठाऊक असलेले कोणीतरी गावात असले पाहिजे.